पिग्मीवाल्या काकांना, नवी पेठेतून

काका,

समोर बोलायला गेले की घसा दाटून येतो, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण नवी पेठेत दिवेलागणीला पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करत फिरणारे काका म्हटलं की आमच्या ओळीतल्या सगळ्यांना कळेल.

त्या दिवशी मी म्हटलं, "काका, आज पिग्मी नको." सलग चौथा दिवस होता. तुम्ही कारण विचारलं नाही. पायरीवर टेकलात, पाणी मागितलंत. माझ्या हातात क्रेडिट कार्डाचं बिल होतं, ते बघून नुसता हात पुढे केलात. एकूण देणं ८४,०००, किमान देणं ४,२००. तुम्ही ४,२०० वर अंगठा ठेवलात आणि म्हणालात, "आता वाच, पोरी."

दीड वर्षात तो मोठा आकडा मी एकदाही नीट वाचला नव्हता.

मग पावतीपुस्तकाच्या मागे तुम्ही हिशेब मांडलात. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,९४०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ५२९. म्हणजे ४,२०० भरून फिटणार जेमतेम ७३१ रुपये! आणि जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड गळ्यात मारताना यातलं कुणी बोललं नव्हतं. मी रडकुंडीला येऊन फोन केला तेव्हा पलीकडून "मॅडम, मिनिमम भरा, टेन्शन घेऊ नका," आणि त्याच दमात लिमिट वाढवायची गोष्ट. घरच्या जाणत्यांनी तर "हिचा हातच सैल" म्हणून विषय मिटवला. ते अजून सलतं.

तुम्ही हात सैल म्हणाला नाहीत. खरेदी कधी होते ते बघ, एवढंच म्हणालात. बघितलं, तर बहुतेक सगळी रात्री अकरानंतरची, आणि ज्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही त्याच रात्रीची. कुर्ते, डबे, कधी न वापरलेला मिक्सर. मला वस्तू नको होत्या, काका. दिवस वाया गेला नाही असं वाटायला हवं होतं. ते कळल्यावर फोनमधून कार्डाचा नंबर काढून टाकणं सोपं गेलं. पाटल्या तारण ठेवल्या, कमी व्याजात देणं वळवलं, चौदा महिने लागले.

पण मला खरं तारलं ते दुसऱ्या दिवशी. तुम्ही नेहमीच्या वेळी आलात, दुकानात दोन बायका बांगड्या बघत होत्या, आणि तुम्ही कालचा एक शब्द काढला नाहीत. "आज वीस रुपये चालतील की," म्हणून पावती फाडलीत. शंभराच्या जागी वीस घेताना तुमच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. दुसऱ्याची अडचण बघून ती चारचौघांत न उघडणारी माणसं आपल्या सोलापुरात अजून आहेत, साधी, सायकलवर फिरणारी. त्यांच्या नावाचे फलक कुठं लागत नाहीत.

यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर गेले ते पाकिटात पाचशे रुपये घेऊन. लेकीला पाळण्यात बसवलं, भजी खाल्ली, एकशेदहा परत आणले.

या महिन्याचं बिल आलंय. एकूण देणं शून्य. गल्ल्यात घडी घालून ठेवलंय, संध्याकाळी आलात की दाखवते.

तुमची,
बांगड्यांच्या दुकानातली पोर