शिडी दिसली, जाळं दिसलं नाही

चोपडा, मे महिना

परब्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आईची साखर ताब्यात, माझी कंबर तशीच, ऊन तुला सोसणार नाही एवढं. तब्येतीचं संपलं.

धाकटा बापू काहीतरी लपवतोय. सातपुड्याकडच्या तुकड्यातल्या ठिबकच्या नळ्या गुंडाळून गोठ्यात पडल्यात. जूनच्या लागवडीला केळीची रोपं सांगितलेली नाहीत. कपाटातून सातबारा गायब. आणि जमिनीचा दलाल अंधार पडल्यावर मागच्या दाराने येतो. आई म्हणते, "तू त्याले असा काय देखस रे?"

सेशेल्स आठव, 2016. लाखभर वस्तीचा देश आणि राखायला तेरा लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र, म्हणून आपल्या नौदलाचं टेहळणी विमान, पी-8आय, तिथं गेलेलं. तू उतरलास तो फोटो नाचवतच: गलबत, मागे बांधलेल्या होड्या, पिंपं, शिडी. "मासेमाराला शिडी कशाला, नारळ पाडायला?" अरे, चाचे जहाजावर शिडी लावून चढतात हे उड्डाणाआधी मीच तुम्हाला सांगितलेलं! पण चाचे तेव्हा थंडावले होते. मी अहवालात एवढंच लिहिलं, 'शिडी दिसली, जाळं दिसलं नाही.' तू मला कारकून म्हणालास आणि मेसमध्ये पाठ फिरवून जेवलास. चूक तुझीच होती, आजही आहे. जाळं फळ्यांखालीही असतं.

ते गलबत कोणाचं होतं, आपल्याला कधी कळलंच नाही. पण तिथं मला सोपं होतं. मी कागद पुढे सरकवायचा. जवळ जाऊन विचारायचं काम जहाजाचं. इथं पाठवायला जहाज नाही. विचारलं तर त्याला वाटेल, दादा नोकरी संपवून वाटा मागायला आला. गप्प बसलो तर सही होऊन जाईल. बाबांनी तो तुकडा त्याच्या एकट्याच्या नावावर केलाय.

गावात मी 'सीआयडीतला'. परवा शेजारच्या मामांनी चोरीला गेलेली विहिरीवरची मोटार शोधून दे म्हणून चहा पाजला. बिस्किटंही होती.

वहिनींचं वास्कोचं दुकान सुरू झालं का? पोरीची बारावी? कळव.

भरीत पार्टीपासून बापू तुला मानतो. त्याला फोन कर. केळीच्या भावावरून सुरुवात कर, माझं नाव काढू नकोस. रात्री नऊनंतर कर, तेव्हा तो गच्चीवर एकटा असतो. हे दिसलेलं आहे, अंदाज नव्हे.

तुझा,
कारकून