तूच खेळ

सच्या,

आठ महिने झाले तुला काही लिहिलं नाही, मधे तुझे दोन फोन आले ते पण उचलले नाहीत, रात्री निवांत करतो म्हणत राहिलो आणि राहून गेलं. शिव्या द्यायच्या असतील तर दे पण आधी हे सगळं वाच. तब्येत ठीक, शुगर जरा बॉर्डरवर आलीय, गोळी चालू केलीय. आईचं बीपी आहे तसंच. ते सोड.

परवा रविवारी घरात एक झालं आणि तेव्हापासून तुझी आठवण येतेय. हिला सांगितलं, ती म्हणाली अरे गेमच आहे ना, किती मनाला लावून घेशील. तिच्या जागी ती बरोबर आहे. पण तू माझ्याबरोबर पोवई नाक्यावरच्या त्या सायबर कॅफेत गेम खेळत बसलेला माणूस आहेस, तुला अर्ध्या वाक्यात कळेल.

ओवीला नऊ पूर्ण झाली तेव्हा स्विच घेऊन दिला, निन्टेंडोचं गेम खेळायचं मशीन. सेकंडहँड, ऑफिसमधल्या एकाने विकायला काढला होता, त्याच्याबरोबर झेल्डा हा गेम आला, ब्रेथ ऑफ द वाइल्ड, २०१७ चा. तू खेळला नसशील, तुला पोरं झाल्यापासून फोनवरच्या लुडोपुढे काही माहीत नाही. सांगतो. त्यात तो लिंक, म्हणजे गेमचा हिरो, एका गुहेत जागा होतो, बाहेर पळत येतो आणि कड्यावर उभा राहतो तर समोर अख्खा मुलूख पसरलेला. लांब एक किल्ला दिसतो, त्यात शेवटचा राक्षस. सुरुवातीला एका पठारावर अडकवून ठेवतात, चार ठिकाणची कामं करायला लावतात, मग एक छत्री मिळते हवेत तरंगायची, आणि तिथून पुढे तू काय वाट्टेल ते कर. सरळ त्या किल्ल्यावर गेलास तरी गेम अडवत नाही, मरशील तो भाग वेगळा! दिसेल तो डोंगर चढता येतो. गवत पेटवलं की गरम हवा वर येते आणि त्या हवेवर छत्री धरून उडता येतं. विजा कडाडायला लागल्या की पाठीवरची लोखंडी तलवार काढून ठेवायची नाहीतर वीज तुझ्यावरच पडते. हे कुणी शिकवत नाही, आपण काहीतरी करतो, जळतो, बुडतो आणि कळतं. हे जमवण्यासाठी गेम करणाऱ्या लोकांनी आधी १९८६ च्या जुन्या झेल्डासारखा दिसणारा एक साधा सपाट नमुना करून बघितला होता, आग लाकडाला लागते का, वारा लागला की काय होतं, असलं सगळं तपासायला. म्हणजे गोष्ट नंतर, आधी जग ऐकतंय का ते बघा.

ओवीने महिनाभर एक मिशन केलं नाही. खरंच. झाडं तोडायची, सफरचंदं गोळा करायची, एका रानघोड्याला तीन संध्याकाळ सफरचंदं चारत बसली. मी ऑफिसातून येऊन विचारायचो, आज कुठं पोचलीस? ती म्हणायची, कुठंच नाही, घोडा ओळखायला लागला. आणि चेहरा असा की लॉटरी लागलीय.

रविवारी बाहेर पाऊस आणि गेममधे पण पाऊस. ती एका कड्यावर चढत होती. पावसात त्या गेममधे हात सटकतो, चार पावलं वर गेलं की घसरून खाली, आणि ते हिरवं चक्र असतं दमाचं ते संपत येतं. ती चढायची, घसरायची, परत चढायची. मधे एक छोटीशी कपार होती, तिथं जाऊन उभी राहिली. बटणाला हात नाही. मी म्हणलं काय करतेस, म्हणाली पाऊस थांबायची वाट बघते. मी मागे सोफ्यावर होतो. मला दिसत होतं की डावीकडून चांगली वाट आहे. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. मग अगं तिकडून जा ना, दे इकडे, म्हणून तिच्या हातातून कंट्रोलर घेतला, खाली उतरवला, वाटेने फिरवून दीड मिनिटात वर नेऊन उभा केला आणि परत दिला. झालं बघ, म्हणलं.

तिने कंट्रोलर घेतला, टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "तूच खेळ बाबा. मी बघते."

रागावून नाही रे. रागावली असती तर मी इतका हललो नसतो. समजूतदारपणे म्हणाली. जसं काही पाहुण्याला खुर्ची देतोय.

आता तुला कळलं असेल मी कशाला लिहितोय.

२००४ ची मे महिन्याची सुट्टी. तासाला वीस रुपये, दहा तुझे दहा माझे. व्हाइस सिटी गेममधलं ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन, बांधकाम चालू असलेली बिल्डिंग, चार बॉम्ब, एकेक उचलून एकेका मजल्यावर नेऊन ठेवायचा, वरून टायमर. चार दिवस तू तेच करत होतास. आणि त्या मशीनचा नंबरपॅड आठव, एक बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं, तू नखाने वर काढायचास. कामगार हेलिकॉप्टरच्या मागे लागायचे आणि तू तोंडाने पण वळायचास. पाचव्या दिवशी तीन बॉम्ब ठेवून झाले. आपला तास संपायला दहाएक मिनिटं होती. आणि मी म्हणलं दे इकडे, तुला नाही जमणार आता. तुझा हात कीबोर्डवरून बाजूला सारला. मी बॉम्ब ठेवला, मिशन पास, ते म्युझिक वाजलं, मागची पोरं ओरडली, मी वळून बघितलं तर तुझी खुर्ची रिकामी.

त्यानंतर तू माझ्याबरोबर व्हाइस सिटी कधी खेळला नाहीस. आईने नको सांगितलंय म्हणालास. काकूंनी असलं काही सांगितलं नव्हतं, मी दिवाळीत फराळाला आलो तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, तुम्ही ते गाडीचं खेळायला जात नाही का रे हल्ली. मी काही बोललो नाही. वीस वर्षं काही बोललो नाही. आता बोलतो. चुकलं माझं. ते मिशन तुझं होतं. पास झालं आणि कुणाचंच राहिलं नाही, तू ठेवलेले तीन बॉम्ब वाया गेले आणि माझा एक उसना.

रविवारपासून रात्री झोप येत नाही म्हणून ह्याच्यावर विचार करतोय. खेळात मजा नक्की कशाची असते? मला इतके दिवस वाटायचं मोकळीक. वाट्टेल ते करता येतं म्हणून मजा. पण व्हाइस सिटीत आपणच पँझर हा चीटकोड टाइप करून रणगाडा पाडायचो ना, अर्धा तास अख्खं शहर चिरडायचो आणि मग? तूच म्हणायचास बंद कर, बोअर झालं. त्यापेक्षा मजा कधी यायची, पूल बंद होते तेव्हा. वादळाचा इशारा म्हणून पलीकडच्या बेटावर जाता येत नाही, आणि आपल्या हिरोला, टॉमीला पोहता येत नाही, पाण्यात पडला की मेला. तरी आपण रोज त्या बंद पुलापाशी बाइक घेऊन जायचो, उडी मारून बघायला. अडवलेलं होतं पण उडी आपली होती.

आणि आपलं ते जुनं भांडण, गेम कुठला भारी, डेंजरस डेव्ह की प्रिन्स ऑफ पर्शिया. मी म्हणायचो तुझा प्रिन्स बटण दाबल्यावर पंचांग बघून उडी मारतो. तू म्हणायचास त्याला वजन आहे. तुझं बरोबर होतं, लिहून देतो, फ्रेम करून लाव. तो जॉर्डन मेकनर, ज्याने १९८९ मधे प्रिन्स केला, त्याने स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला उड्या मारायला लावून शूटिंग केलं होतं आणि त्याच्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून प्रिन्स माणसासारखा चालतो आणि माणसासारखाच थांबायला वेळ घेतो. पण तो उशीर दर वेळी तेवढाच असतो. चार दिवसांत हाताला कळतं की काठाच्या एक पाऊल आधी दाबायचं. मारिओत उलटं, १९८५ चा तो मारिओ, बटण जितका वेळ धरशील तितका उंच जातो, आणि हवेत असताना पण वळवता येतो, खऱ्या माणसाला कधी जमेल का ते. पुढे मारिओ थ्रीडीत आणायचा होता तेव्हा मारिओ काढणाऱ्या मियामोतोच्या लोकांनी लेव्हल करायच्या आधी नुसता मारिओ पळवून बघितला, एका सशाच्या मागे. पळण्यातच मजा आली पाहिजे, मग बाकीचं. आणि सेलेस्ट म्हणून एक गेम आहे २०१८ चा, डोंगर चढणाऱ्या पोरीचा, त्यात कड्यावरून पाय सुटल्यावर पण एक निमिष उडीचं बटण चालतं. म्हणजे तू चुकलेला असतोस पण गेम म्हणतो, मला कळलं तुला काय करायचं होतं. हे वाचलं तेव्हा मला गलबलून आलं, ही आता म्हणेल परत गेम, पण आलं.

तर माझ्या डोक्यात असं आलंय सच्या, की अवघड असलेलं चालतं, बहिरं असलेलं चालत नाही. प्रिन्स अवघड होता पण तो तुझं ऐकायचा. नंबरपॅडचं अडकलेलं बटण ऐकत नव्हतं. आणि ओवीच्या डोंगरावरचा पाऊस, मी म्हणत होतो पाऊस तिला त्रास देतोय. तिने पावसाबद्दल एकदा पण तक्रार केली नाही रे. पाऊस सगळ्यांना घसरवतो, त्याचा नियम आहे, त्याच्यापुढे काय करायचं ते ती ठरवू शकत होती आणि तिने ठरवलं होतं, कपारीत थांबायचं. तो तिचा निर्णय होता. तो मी काढून घेतला.

रायन, रिग्बी आणि प्रिझिबिल्स्की म्हणून मानसशास्त्रवाले आहेत, त्यांचा २००६ चा एक अभ्यास वाचला. खेळणाऱ्यांवर बघितलं त्यांनी. मला मर्जीने करता येतंय आणि मला जमतंय, ह्या दोन गोष्टी जिथं वाटतात तिथं मजा येते, परत खेळावंसं वाटतं, आणि बटणं हाताला सहज बसली की ते वाटायला मदत होते. मी दीड मिनिटात ओवीचं दोन्ही काढलं. मर्जी पण आणि जमणं पण.

आणि खरी काळजी आता सांगतो. ही पोरगी घरात प्रत्येक गोष्ट विचारून करते. बाबा हा फ्रॉक घालू? बाबा ह्याला हिरवा देऊ का निळा? सायकलवर वळायच्या आधी मागे बघते. मला आतापर्यंत कौतुक वाटायचं, किती शहाणी आहे. रविवारी एकदम लक्षात आलं की गेममधे ती कधीच विचारत नव्हती. महिनाभर एकदा पण नाही. झाड तोडू का, घोड्याला सफरचंद देऊ का, काही नाही. ती एकच जागा होती जिथं तिला माझी परवानगी लागत नव्हती आणि मी तिथं पण जाऊन बसलो.

आठवतं रे मला, आपण अजिंक्यताऱ्याला, जुलैत, डांबरी रस्ता सोडून झाडीतून त्या निसरड्या उताराने चढलेलो. तीनदा तू माझ्यावर येऊन पडलास, तुझ्या चपलेचा अंगठा तुटला, वर पोचलो तर धुक्यात काही दिसत नव्हतं. काका खाली वाट बघत होते आणि तिथंच तुझी पाठ शेकली. पण आपल्याला कुणी वरून सांगत नव्हतं की डावीकडून ये.

काल मी पेपर घेऊन मागे बसलो, ठरवून, तोंड उघडायचं नाही. ती खेळायला बसली, तेवढं बरं वाटलं. कड्याच्या टोकाला गेली आणि मागे वळून बघितलं. "उडी मारू?" मी म्हणलं मला नाही माहीत. ती थांबली, मग मारली, छत्री उघडायला उशीर झाला, मेली. परत तिथंच आली. परत मागे बघितलं. मला त्या बघण्याचं काय करावं कळत नाही. तुझा मोठा असाच होता का? त्याला कसं सोडलंस? की तू धरलंच नव्हतंस कधी, तू धरणारातला नाहीस म्हणा.

बाकी तुझं काय. बंगळूरचं घर बदललंत ना, पत्ता पाठव. वहिनींचं नवीन ऑफिस कसं आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, पैशाचं काही लागलं तर मोकळेपणी सांग. दिवाळीत साताऱ्याला येणार असशील तर आधी कळव, मी पण तेव्हाच निघतो. ओवीला घेऊन येतो, सगळी पोरं आणि आपण असा एकदा झाडीतून गड करू, ह्या वेळी पुढे तिला घालू.

कॅफेच्या जागी आता मेडिकल झालंय. मागच्या महिन्यात तिथनं गेलो. बाहेरचा तो कट्टा मात्र आहे अजून, ज्याला टेकून आपण सायकली लावायचो. त्या दिवशी मी उरलेली मिनिटं संपवूनच बाहेर आलो होतो, तुझी सायकल नव्हती. एवढं सांग मला, तू लगेच गेला होतास का तिथं थांबला होतास थोडा वेळ?

तुझा,
मंद्या