चुंबक खिशात ठेवूनच दुकानात जा

नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. सात भांड्यांचा संच, काचेची झाकणं, लाकडी उलथनी फुकट आणि किंमत म्हणे निम्म्यावर. तो संच घेऊ नकोस. घरमालकांनी सिलिंडरला नाही म्हटल्यामुळे तुमच्या दोघांचं सगळं जेवण आता त्या एका इंडक्शनवर व्हायचं आहे. त्यासाठी कुकर, कढई, पातेलं आणि तवा एवढंच लागतं. संचातली उरलेली तीन भांडी फळीवर धूळ खातील, आणि त्यांच्यापायी रोजच्या कढईचा तळ पातळ मिळेल. सगळे पैसे या चारांत घाल, तेही एकेक करून, जमेल तसे.

शेगडी तापवते कशी, ते आधी समजून घे, म्हणजे दुकानदार काहीही सांगो, तुला तुझं कळेल. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा पालटते आणि वर ठेवलेल्या भांड्याचा तळ स्वतःच तापतो. काच तापते ती भांड्यामुळे. पण तळ चुंबक धरणारा हवा. तांबं, पितळ, नुसतं अ‍ॅल्युमिनियम ठेवलंस तर शेगडी पिकपिक करते आणि बंद पडते. आजीचं कल्हईचं पातेलं तुला किती आवडतं ते मला ठाऊक आहे, पण ते इथेच राहू दे.

स्टीलचं मात्र नीट ऐक. आपल्याकडे भांडी बाजारात पूर्वीपासून चुंबक लावून बघायची रीत आहे, आणि चुंबक चिकटला की स्टील हलकं म्हणायचं. तुला आता उलटं बघायचं आहे. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्या निकेलमुळे चुंबक त्याला धरत नाही. ४३० नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, म्हणून ते स्वस्तही पडतं आणि चुंबकही घट्ट धरतं. चांगल्या इंडक्शनच्या भांड्यात आतून, जिथे अन्न लागतं तिथे, ३०४ असतं आणि खाली बाहेरून ४३०. म्हणजे कडेला चुंबक घसरला तरी चालेल, तळाला घट्ट बसला पाहिजे. तळालाही जेमतेम अडकत असेल तर ते भांडं ठेवून दे, त्यावर पाणी उकळायलाही वेळ लागेल. फ्रिजच्या दारावरचा चुंबक खिशात टाक आणि मगच बाहेर पड. खोक्यावरच्या चिन्हापेक्षा त्याचं ऐक.

पण चुंबक धरला म्हणजे झालं असंही नाही. पत्र्यासारखं पातळ पातेलं चुंबक धरेल, चहाही करेल, पण त्यात खिचडी लावलीस की मधोमध गोल डाग पडेल. वेटोळं जेवढं, तेवढाच भाग तापतो, आणि स्टील उष्णता पसरवण्यात फार मंद. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दसपटीहून जास्त चांगली पसरवतं. म्हणूनच दोन स्टीलच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती दाबलेला तळ येतो. दुकानात त्याला सँडविच बॉटम म्हणतात. अख्खं भांडंच तीन थरांचं असेल तर ते ट्रायप्लाय, आणि ते बरंच महाग.

पैसे वाचतात ते इथे. गॅसवर ज्योत कडेवर चढते, पातळ कडा करपतात, तिथे ट्रायप्लायचे पैसे वसूल होतात. इंडक्शनवर कडेला ज्योतच नाही. त्यामुळे दूध, वरण, भात, रस्सा असं पातळ शिजवायच्या पातेल्याला सँडविच बॉटम पुरतो. ट्रायप्लाय घ्यायचं असेल तर फक्त कढईत घे, कारण परतलेली भाजी कडेपर्यंत पसरते आणि तिथेही ऊब लागते. आत्ता तेवढे पैसे नसतील तर सपाट बुडाची लोखंडी कढई घे. ती इंडक्शनवर छान चालते. मात्र लोखंडात टोमॅटो-चिंचेचं काही फार वेळ शिजवू नकोस आणि भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळी पडते.

दुधाचं सांगायचं राहिलं. स्वस्त शेगडी मंद आचेवर सलग तापत नाही, मध्येच बंद होते, परत सुरू होते. पातळ पातेल्यात दूध त्याच तालावर फसफसतं आणि बसतं, आणि तू फोनवर असलास की उतू जातं. जाड तळ हे सांभाळून घेतो. पातेलं दोन-अडीच लिटरचं बघ, त्यातच चहा, दूध, आमटी सगळं होईल.

कुकर तीन लिटरचा पुरे. स्टीलचा, खाली सँडविच तळ, आणि अंगावर आयएसआयचा शिक्का व आयएस २३४७ हा कुकरच्या भारतीय मानकाचा आकडा आहे ना, ते बघ. कुकरच्या बाबतीत बिनशिक्क्याचं स्वस्त मी चालवून घेणार नाही. आतले डबे मात्र कुठलेही चालतील, अ‍ॅल्युमिनियमचे सुद्धा, कारण तापतो तो कुकरचा तळ आणि डबे शिजतात वाफेवर. त्यामुळे नवे डबे विकत घेऊ नकोस, घरातले आहेत. इंडक्शनवर शिट्टी भराभर येते, म्हणून शिट्ट्या मोजून डाळ शिजत नाही. पहिली शिट्टी झाली की आच पाच-सहाशे वॅटवर आण आणि दहा-बारा मिनिटं राहू दे. तुरीची डाळ आधी भिजवलेली असू दे.

तव्याचं मी सगळ्यात जास्त सांगणार आहे, कारण तू भाकरीवाचून राहणारा नाहीस. आपला घरचा तवा खोलगट आहे. चुलीवर, गॅसवर तो उत्तम, पण काचेवर तो मधोमध टेकतो आणि डोलतो. तुला सपाट लोखंडी तवा हवा, जाड, आणि चोवीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. छोट्या शेगडीचं वेटोळं आतून बरंच लहान असतं. मोठा तवा घेतलास तर भाकरी मध्ये जळेल आणि कड कच्ची राहील. असा तवा काहीशे रुपयांत मिळतो, चारांत हेच सगळ्यात स्वस्त भांडं आणि नीट ठेवलंस तर जन्मभर टिकणारं. सुरुवातीलाच पूर्ण आच देऊ नकोस. लोखंड एकदम तापलं की वाकतं, आणि एकदा वाकलं की परत सपाट बसत नाही. आधी मंद, मग मध्यम. फुलका ज्योतीवर टाकता येणार नाही, तव्यावरच फडक्यानं दाबून फुगव. भाकरीचंही तसंच, पाणी लावलेली बाजू आधी सुकू दे, उलट, आणि शेवटी कडेनं दाबत फिरव. बिडाचा तवा मिळाला तर डोशाला फार चांगला, पण तो जड असतो. काचेवर ओढू नकोस, उचलून ठेव, नाहीतर ओरखडे पडतात.

फोडणीची मात्र खरी अडचण आहे. आपली लोखंडी पळी चुंबक धरते, पण तिचा तळ इतका छोटा की बहुतेक शेगड्यांना ती दिसतच नाही. दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लहान तळ त्यांना कळत नाही. म्हणून वरणाला वरून फोडणी देण्याऐवजी पातेल्यातच तेल, मोहरी, हिंग, हळद करायचं आणि घोटलेली डाळ त्यात ओतायची. चव उतरत नाही. इंडक्शनवर तेल फार लवकर तापतं, म्हणून मोहरी, जिरं, मिरच्या हाताशी काढून मगच बटण दाब.

नॉनस्टिक घेणारच असशील तर एक लहान, आणि उलटं करून बघून घे. अ‍ॅल्युमिनियमच्या तळात स्टीलची जाळीदार चकती बसवलेली असते. चकती मोठी आणि भोकं कमी, ते चांगलं. रिकामं कधीच तापवू नकोस. २६० अंशांच्या पुढे तो थर बिघडायला लागतो आणि पूर्ण आचेवर रिकामा तवा तिथे बघता बघता पोहोचतो. जुन्या भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकती विकतात, तीही घेऊ नकोस. आधी चकती तापणार, मग भांडं, आणि मधल्या मध्ये शेगडीच तापून बंद पडणार.

दुकानात प्रत्येक भांडं पालथं करून तळावर स्टीलची पट्टी आडवी धर. खालून उजेड दिसला तर तळ सपाट नाही. कान आणि दांडे रिव्हेटनं बसवलेले घे, नुसते चिकटवलेले जोडावरून सुटतात. आणि शेगडीची पिन सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्येच लाव. दोन हजार वॅटला जवळपास नऊ अँपिअर लागतात, तुझ्या त्या लॅपटॉपच्या एक्स्टेन्शनला ते झेपणार नाही. पूर्ण आचेवर अर्धा तास म्हणजे एक युनिट, बिल वाटून घेताना हिशोबाला उपयोगी पडेल.

तू तिकडे असल्यापासून रात्री बाहेरचं खातोस, हे मला झोपताना रोज आठवतं. म्हणून एवढं लिहिलं. आधी कुकर घे, तवा मी पाठवते, पुढच्या पगाराला कढई. तुळशीबागेत आणि बोहरी आळीत चार दुकानं फिर, पहिल्याच दुकानात घेऊ नकोस. भांड्यांवर नाव घालून घे, दोघांच्या स्वयंपाकघरात नंतर वाद नको. फक्त तळावर घालू देऊ नकोस, कानाजवळ घालायला सांग.

शेगडीवरच्या गोलाची रुंदी पट्टीनं मोजून मला कळव. त्या मापाचा सपाट तवा मी इथूनच घेते, तेल लावून तयार करते, आणि कुकरचे डबे, सांडशी, थोडा काळा मसाला यांच्यासोबत रविवारी येणाऱ्या काकांजवळ देते.

तुझी
आई