जुनी गिटार रंगवताना
संपादक महोदय,
मित्राला भेट म्हणून जुनी अकूस्टिक गिटार रंगवताना सर्वात मोठी चूक होते ती रंगाच्या जाडीची. पुढची पातळ फळी थरथरते म्हणून तर आवाज घुमतो. तिच्यावर जाड थर चढला की आवाज बसतो. मोठं चित्र पाठीवर काढावं, पुढे फक्त बारीक नक्षी.

तारा उतरवून फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी), ब्रिज (फळीवरची तारा अडकवायची पट्टी) आणि मधलं भोक मास्किंग टेपने झाकावं. जुनं पॉलिश खरवडू नये, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसती चमक घालवावी, नाहीतर रंग धरत नाही आणि पुढे पोपडे निघतात. मग अॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. गिटारच्या मानेची (हातात धरायच्या लांब दांड्याची) मागची बाजू मात्र कृपया रंगवू नका. घामाने रंग चिकट होतो, वाजवणाऱ्याचा अंगठा अडखळतो.
– एक वाचक