विनोद कांबळीची काळजी वाटते, मग गावातल्या पोरांची?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

डिसेंबर 2024 मधला शिवाजी पार्कवरचा, आपला जुना क्रिकेटपटू विनोद कांबळी खंगलेला दिसतो तो व्हिडिओ बघून मलाही गलबलून आलं. 1988 ला शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत सचिन तेंडुलकरसोबत 664 ची पार्टनरशिप, त्यात याचे नाबाद 349, म्हणजे सचिनपेक्षाही जास्त, आणि पुढे टेस्ट खेळला फक्त 17, सरासरी 54 असून! त्याला मदत मिळायलाच पाहिजे, त्यात वादच नाही.

पण आमच्या अमळनेरला चहाच्या टपरीवर किती दिवस तोच विषय, आणि त्याच टपरीसमोरून पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं पळतात त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या शेजारचा पोरगा रोज 1600 मीटर मारतो, बूट पुढून फाटलेला, पोत्याच्या सुतळीने शिवलाय. ओपनला वयाची अट 28, याला 27 झाले, बापाची दोन एकर कोरडवाहू कपाशी. मागच्या भरतीत दोन मार्कांनी राहिला तेव्हापासून कोणाशी धड बोलत नाही, ताट तसंच ठेवून उठतो. त्याची माय मला म्हणाली, "भाऊ, याले काहीतरी सांगा ना." मी काय सांगणार! याच्याबरोबरचे दोघं तर कामासाठी सुरतची गाडी धरून कधीच गेले.

मनाचा त्रास असेल तर बोलायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर निदान प्रत्येक अभ्यासिकेत आणि भरतीच्या ग्राउंडवर मोठ्या अक्षरात लावा, आणि तुमच्या पेपरातही रोज छापा ही विनंती.

एक वाचक, अमळनेर