गुडघ्यावर मावणारे यंत्र

कोथरूड, पुणे
गुरुवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप परवा मिळाला. गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांच्या प्रोग्रामसाठी स्वारगेटहून कऱ्हाड, इस्लामपूर, कोल्हापूर अशा तुझ्या फेऱ्या चालू होणार, आणि त्यासाठी एक किलोच्या आसपास वजनाचा लहान लॅपटॉप घ्यावा असे तुझ्या मनात आहे. तुझ्या बाबांचे म्हणणे मात्र ‘घ्यायचाच तर दणकट घे’ असे आहे. या वादात मी तुझ्या बाजूची आहे. पण लहान यंत्र घेताना हात कोठे आखडायचा आणि कोठे नाही, हे मला जरा महागात पडून कळले असल्यामुळे सविस्तर लिहिते.

२००७ मध्ये असूसचा ई पीसी ७०१ आला, त्यात सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी मेमरी आणि ४ जीबी साठवण एवढाच संसार होता. त्याच धर्तीचे एक यंत्र मी पुढच्या वर्षी घेतले आणि डेक्कन क्वीनमध्ये जाता-येता, रोज सहा तासांहून अधिक, मांडीवर पर्स व पर्सवर ते यंत्र ठेवून वापरले. स्क्रीनवर जेमतेम पंचवीस-तीस ओळी दिसत, त्यामुळे जे फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा जो तुकडा, एका नजरेत मावेना ते मी तोडू लागले. माझा कोड त्या काळात सुधारला तो कोणत्याही प्रशिक्षणामुळे नव्हे, तर निव्वळ जागेच्या अडचणीमुळे. एका संध्याकाळी कर्जतला गाडीच्या मागे घाटाची इंजिने लागून तो ओळखीचा धक्का बसला, तेवढ्यात मी फाइल जतन केली आणि पुन्हा उघडली तेव्हा तिची लांबी शून्य होती. धक्क्याचा काही दोष नव्हता. माझ्याच चाचणीच्या प्रोग्रामने नोंदी लिहून लिहून साठवण काठोकाठ भरली होती. एडिटरने जुना मजकूर पुसला, आणि नवा लिहायला जागाच उरली नव्हती. मुंबई सुटल्यापासूनची सगळी मेहनत गेली. तेव्हापासून नोंदींच्या फाइलला मर्यादा घातल्याशिवाय मी कोणताही प्रोग्राम चालवत नाही, आणि तूही चालवू नयेस.

आता प्रोसेसरचे. कोड लिहीत असताना प्रोसेसर बहुतेक वेळ तुझ्या पुढच्या कळीची वाट पाहत रिकामा बसलेला असतो. इंटेलचा एन१०० हा २०२३ मधला चार कोअरचा प्रोसेसर मूळ ६ वॅटचा आहे आणि तुझ्या कामाला तो पुरून उरेल. सी++ चा मोठा प्रकल्प कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालत्या प्रोग्रामात बांधणी करायला, बसलास तर बिनपंख्याचे यंत्र पहिली काही मिनिटे जोरात धावेल, मग तापेल आणि स्वतःहून वेग कमी करील, हे खरे आहे. पण त्याहून मोठा घात मेमरीचा होतो. बांधणीची चार कामे एकदम लावलीस आणि मेमरी अपुरी पडली की यंत्र साठवणीवर उसनवारी करू लागते, आणि मग माऊसचा बाणसुद्धा हलत नाही. अशा वेळी चाराऐवजी दोनच कामे लावली तर बांधणी उलट लवकर पूर्ण होते. अशा पातळ लॅपटॉपांत मेमरी बहुधा बोर्डावरच जडवलेली असते, पुढे वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीच्या खाली उतरू नकोस आणि १६ मिळत असेल तर प्रोसेसरवरचे पैसे वाचवून तिकडे घाल. कीबोर्ड मात्र दुकानात उभे राहून, निदान दहा मिनिटे टाइप करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बॅटरीचा हिशेब सरळ आहे: ३८ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ७ वॅट खर्च धरला तर पाच तास निघतात, म्हणजे स्वारगेट ते कोल्हापूरचा प्रवास साधारण भागतो. एस.टी.त उन्हाच्या बाजूला बसून स्क्रीनचा उजेड वाढवलास तर भागणार नाही.

जड काम घरच्या संगणकावर ठेवावे. त्यावर मी टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी आतले काम चालू ठेवणारा प्रोग्राम, चालू ठेवले आहे. खंबाटकीच्या बोगद्यात तुझे नेट तुटले तरी इकडची बांधणी चालूच राहील, आणि दुरून जोडणीसाठी मॉश हा प्रोग्राम वापरलास तर नेट परत आल्यावर तू होतास तेथूनच पुढे जाशील. विम हा कोड लिहायचा एडिटर शिकायचा कंटाळा करतोस म्हणून एक गोष्ट सांगते. त्याचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला, आणि तो घरून ३०० बॉडच्या अतिशय संथ मोडेमवर वापरावा लागत असल्यामुळे त्यातल्या आज्ञा एकेका अक्षराच्या झाल्या. संथ जोडणीशी त्या एडिटरचे नाते जन्मापासूनचे आहे, तेव्हा घाटात तो तुला दगा देणार नाही. भाषेची आणि लायब्ररींची कागदपत्रे मात्र निघण्यापूर्वीच उतरवून घे. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग खोळंबलेली असताना नेट शोधत फिरण्यासारखी दुसरी फजिती नाही.

गुरुवारी इकडे वीज जाते हे तुला ठाऊकच आहे. वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा अशी व्यवस्था बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, केली आहे आणि आज सकाळीच तिची परीक्षा झाली, ती उत्तीर्ण झाली. मात्र टीमक्समधले चालू काम अशा वेळी जाते, म्हणून गुरुवारी लांबची बांधणी लावू नकोस. घरच्या संगणकात दुरून शिरायला लागणाऱ्या डिजिटल किल्ल्यांच्या जोडीतली तुझी सार्वजनिक किल्ली पाठव, म्हणजे मी ती जोडून ठेवते. खासगी किल्ली कोणालाही, मलासुद्धा, पाठवायची नाही.

वजनकाट्याचे आकडे सीरियल पोर्टवरून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या खाचेतून, येतात आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबीचा कन्व्हर्टर लागेलच. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात दोन आहेत. निळ्या वायरचा घे. काळा बिघडलेला आहे, टाकायचा टाकायचा म्हणून राहून गेला आहे.

तुझी,
आई