भरती ही नैसर्गिक आपत्ती नव्हे : शिरोडा ते तारकर्ली महिला पदभ्रमंतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापन, मुख्य कार्यालय

विषय : फक्त महिलांसाठीची किनारा पदभ्रमंती, माघ पौर्णिमेची बॅच. पैसे परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी झालेलं बोलणं, आणि त्याआधीची सगळी.

महोदय किंवा महोदया,

‘महोदया’ मुद्दाम लिहिलं आहे, कारण तुमच्या जाहिरातीत ‘महिलांनी महिलांसाठी’ असं ठळक छापलेलं आहे. पैसे भरल्यापासून आजपर्यंत तुमच्याकडची एकही महोदया मला भेटलेली नाही, फोनवरसुद्धा. असल्यास हे पत्र तिच्यापर्यंत जावं ही विनंती.

शिरोड्यापासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्याने चालत जायचं, मुक्काम टेंटमध्ये, हा कार्यक्रम तुमचाच असल्यामुळे वाट समजावून सांगत बसत नाही. वायंगणी आणि कोंडुऱ्याच्या पुढे खाडी लागते आणि ती ओहोटीला चालत ओलांडायची, हेही तुमच्याच वेळापत्रकात आहे. ‘सकाळी ११ वाजता खाडी ओलांडणे, नंतर खवणेमार्गे निवती.’ हा कागद माझ्यासमोर आहे. त्यावर तुमचा शिक्का आहे.

तो दिवस पौर्णिमेचा होता. हेही तुम्हाला माहीत आहे, कारण ‘पौर्णिमेच्या चांदण्यात सागरकिनारी’ या नावाने बॅचचे पाचशे रुपये जास्त घेतले होते. आता कोकणात समुद्राशी ज्याचा थोडाफार संबंध आहे त्याला विचारा, भरती कधी. तो तिथी विचारेल, तिची पाऊणपट करेल आणि सांगेल. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या आगेमागे पाणी पूर्ण भरलेलं. आणि पौर्णिमा असल्यामुळे साधी भरती नाही, उधाण. म्हणजे पंधरवड्यातलं सगळ्यात जास्त पाणी ज्या वेळेला त्या खाडीत असतं, नेमकी तीच वेळ तुम्ही आम्हाला चालत पलीकडे जायला दिली होती. कॅलेंडर पुढे ठेवून मुद्दाम शोधली असती तरी याहून चुकीची वेळ सापडली नसती.

त्या सकाळी आठच्या सुमारास कालवं काढून परतणाऱ्या बायका आम्हाला वाटेत भेटल्या. डोक्यावर टोपल्या, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, भिजलेल्या. एकीने कुठे निघालात म्हणून विचारलं. आम्ही सांगितलं. ती थांबलीच. “खाडीपलीकडे? आता? आता पानी भरता गो. सांजच्याक येवा.” त्या बायका पाणी उतरलं की जातात आणि चढू लागलं की निघतात, त्यांना घड्याळ लागत नाही. माझ्या जाऊबाईंनी लगेच तुमच्या लीडरला हाक मारली. लीडर म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. तो मोबाइलकडे बघून म्हणाला, “ऑफिसने टायमिंग दिलंय मॅम, डोन्ट वरी.”

मुलाबद्दल माझी तक्रार नाही. पिशव्या उचलत होता, चहा करत होता, बोलायला चांगला होता. त्याला समुद्राची माहिती नव्हती, इतकंच. शिरोड्याच्या मिठागरांपाशी त्याने आम्हाला सांगितलं की गांधीजी दांडी यात्रा करत इथपर्यंत चालत आले. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला आहे आणि दांडी गुजरातेत आहे हे शाळेत शिकवतात. आरवलीला वेतोबाच्या देवळात वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला बघून त्याने विचारलं की हा कोणत्या राजाचा संग्रह आहे. आम्ही हसलो आणि सोडून दिलं. पण जाहिरातीत नाव आणि फोटो होता एका अनुभवी महिला लीडरचा, आणि तो फोटो बघूनच आमच्यातल्या निम्म्याजणींना घरून सोडलं होतं. “ताई आजारी आहेत” असं आम्हाला शिरोड्याला उतरल्यावर सांगण्यात आलं. आजारी ताई त्याच आठवड्यात हिमाचलमध्ये बर्फात उभ्या होत्या. फोटो तुमच्याच पानावर आहे, आणि त्याला तुम्हीच बदाम टाकला आहे.

तर खाडीवर. अकराला पोचलो. पाणी काठोकाठ. मुखाशी लाटा आत घुसत होत्या आणि पलीकडचा पुळणीचा पट्टा दिसतही नव्हता. लीडर म्हणाला थांबू, उतरेल. अर्ध्या तासाने आम्ही ज्या खडकावर बसलो होतो तो उतरायची वेळ आली. त्याने तुमच्या ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. ऑफिसमधला माणूस म्हणाला, “मॅपवर तर रस्ता दाखवतोय.” मॅपवर खाडी निळी दाखवतात, तुमच्याकडच्या मोबाइलवर कोणत्या रंगाची दिसते ते कळवा.

सुरूच्या सावलीत जेवून बसलो असतो तर संध्याकाळी साडेचार-पाचला पाणी आपोआप उतरलं असतं, हे त्या टोपलीवाल्या बाईने फुकट सांगितलं होतं. तुमच्या ऑफिसने त्याऐवजी एक छोटा हत्ती टेम्पो पाठवला. त्यात आदल्या दिवशी बर्फाच्या पेट्या गेल्या असाव्यात, बांगड्याचा वास बॅगांना अजून आहे. हौद्यात उभं राहून, दोर धरून, आम्ही डांबरी रस्त्याने धक्के खात भोगव्याला पोचलो. खवणे गेलं. निवतीचा किल्ला गेला. ज्या टप्प्याला तुम्ही जाहिरातीत ‘माणसाचा स्पर्श न झालेला किनारा’ म्हणता, त्याला आमचाही स्पर्श झाला नाही. शब्द खरा केलात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या मी तुमच्या विभागाला आधी सांगितल्या आहेत आणि ‘नोंद घेतली’ असं उत्तर मिळालं आहे.

उभादांड्याला टॉयलेट टेंट लावला तो रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, जागेवर. पहाटे रापण ओढणारी माणसं आली, दोर ताणला गेला आणि तो टेंटच्या कापडाला घासत निघाला. आत आमच्यातली एक सदस्या होती. टेंटची चेन तुटलेली, म्हणून ती आतून कापड धरून उभी होती, आणि बाहेर पंचवीस-तीस पुरुष दोर ओढत ‘होय्या’ करत होते. त्या लोकांनी बिचाऱ्यांनी तोंडं फिरवली आणि ओढणं थांबवलं. त्यांची जाळी पाण्यात असताना थांबवलं, याची किंमत तुम्हाला कळणार नाही. महिलांच्या सोयीचा विचार करणारी एकमेव संस्था असं तुम्ही स्वतःला म्हणवता.

वायंगणीला वाळूवर शेकोटी पेटवली आणि स्पीकर लावला. हा कासवांचा किनारा आहे, हंगाम चालू होता, घरटी कुंपण घालून राखलेली होती. गावातला कासवमित्र आला आणि आम्हाला बोलला. योग्य बोलला. पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने जातात, समुद्र सोडून शेकोटीकडे येतील, हे त्याने सांगितलं तेव्हा मान वर करायची सोय राहिली नाही. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेकोटी तुमच्या वेळापत्रकात छापलेली आहे, ‘धमाल कॅम्पफायर नाइट’ म्हणून. आम्ही विझवायला सांगितली तर लीडरने ऑफिसला फोन करून परवानगी विचारली!

कोंडुऱ्याच्या खडकांवर एकीचा तळपाय कालवांवर कापला. अनवाणी चला, ग्रिप मिळते, असा सल्ला होता. प्रथमोपचार पेटीत डोकेदुखीचा बाम, दोन चिकटपट्ट्या आणि मागच्या कुठल्या तरी सहलीचं उलटीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. बाईच्या ओढणीने पाय बांधला.

जेवण ‘घरगुती मालवणी’ होतं. सोलकढी पाकिटातली होती. पुढे लिहीत नाही.

आता आजचा फोन. हे पत्र त्याच्यामुळे आहे. तो नीट झाला असता तर वरचं सगळं मी गिळलं असतं.

तुमच्या प्रतिनिधीला मी शांतपणे सांगितलं की पौर्णिमेला अकरा वाजता खाडी चालत ओलांडायची हे नियोजनच चुकीचं होतं, त्या टप्प्याचे पैसे परत द्या. तो म्हणाला, “मॅडम, भरती येणं नैसर्गिक आहे.”

मी म्हटलं, “हो, दिवसातून दोनदा.”

“मग त्याला कंपनी काय करणार? अटींमध्ये आहे, नैसर्गिक आपत्तीमुळे मार्ग बदलल्यास परतावा मिळणार नाही.”

मी विचारलं, भरती ही आपत्ती आहे? तो म्हणाला, सिस्टीममध्ये कारण ‘नैसर्गिक आपत्ती’ असंच टाकलेलं आहे, त्याला बदलता येत नाही. मी विचारलं, मग ओहोटी काय आहे? तो गप्प. मग म्हणाला, वरिष्ठांना जोडतो. सात-आठ मिनिटं मला तुमच्या जाहिरातीतली धून ऐकवण्यात आली, तीच ती, मध्ये एक बाई खळखळून हसते ती.

वरिष्ठ आले. नाव विचारलं तर “सीनियर” एवढंच म्हणाले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अतिशय समजूतदार आवाजात म्हणाले, “मॅडम, पौर्णिमेची बॅच तुम्हीच निवडलीत ना? पाण्याचा त्रास होत होता तर आमची अमावस्येची बॅच होती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, अमावस्येला काय होतं?

“अमावस्येला चंद्र नसतो ना मॅडम. मग भरती कमी.”

चंद्र नसतो. समुद्रावर बायकांना घेऊन जाणाऱ्या संस्थेचा वरिष्ठ माणूस मला सांगतो की अमावस्येला चंद्र नसतो. कुठे जातो? रजेवर? अमावस्येलासुद्धा पौर्णिमेइतकंच उधाण असतं, चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात म्हणून, आणि पाणी कमी हवं असेल तर अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती सगळ्यात लहान असते, तेव्हा जायचं, हे मी त्यांना फोनवर समजावलं. तुमच्या ग्राहकाने, तुमच्या वरिष्ठाला, माझ्या खर्चाच्या फोनवर. माझं संपल्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही खूप हायपर होताय. घरी मिस्टर असतील तर त्यांना द्या, मी समजावून सांगतो.”

मिस्टर समोरच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ते मूळचे विदर्भातले. त्यांना भरती आणि ओहोटी यांतला फरक लग्नानंतर मी शिकवला. फोन त्यांना दिला नाही, ठेवून दिला.

फक्त महिलांसाठीच्या सहलीची तक्रार महिलेने केली तर तिच्या नवऱ्याशी बोलायचं, हे तुमच्याकडचं अधिकृत धोरण आहे की त्या सीनियरांची वैयक्तिक सूचना, हे लेखी कळवावं. आणि चंद्र नसतो हे अधिकृत आहे का, तेही.

माझी मागणी साधी आहे. साडेचौदा हजारांपैकी रद्द झालेल्या टप्प्याचे पैसे आणि चांदण्याचे जादा पाचशे, बॅचमधल्या प्रत्येकीला परत. पाय कापलेल्या सदस्येचा दवाखान्याचा खर्च. वेळापत्रकातून वायंगणीची शेकोटी काढून टाकल्याचा पुरावा. महिला लीडरचं नाव छापायचं असेल तर ती बाई तिथे असली पाहिजे. हा शेवटचा मुद्दा मी वर लिहिला आहे, पुन्हा लिहिते: ती बाई तिथे असली पाहिजे.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी जिथे राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर बोलून झालं आहे. तिथल्या मुलीने माझं पूर्ण ऐकलं, नवऱ्याला फोन द्या म्हणाली नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तुमच्या नोंदणीचा क्रमांक तुमच्या कुठल्याच कागदावर मला सापडला नाही, तो उत्तरात द्यावा. शेकोटीचे फोटो आमच्याकडे आहेत. ते मी अजून वनखात्याला पाठवलेले नाहीत.

वाईट याचं वाटतं की किनारा तोच, बायका त्याच, आणि मोचेमाडला पहिल्या संध्याकाळी आम्ही जे चाललो त्याला खरंच तोड नव्हती. त्यासाठी मी तुम्हाला मैत्रिणींमध्ये आधीच पाच तारे देऊन बसले होते. ते आता परत घेतले आहेत.

उत्तर लेखी द्यावं. फोन करू नये. केलाच तर सीनियरांनी करू नये.

पौर्णिमा बॅचमधील एक सदस्या, पुणे
(सोबत : वेळापत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, दवाखान्याचं बिल, सगळ्या सदस्यांच्या सह्या)

ता. क. जाऊबाईंची हेडटॉर्च तुमच्या टेम्पोत राहिली आहे. निळी, पट्ट्याला लाल दोरा बांधलेला. ड्रायव्हर म्हणतो ऑफिसला जमा केली, ऑफिस म्हणतं ड्रायव्हरकडे आहे. ती पैशांबरोबर पाठवावी.